गेम पुन्हा डाउनलोड करण्याआधी: लिनक्सवर लाँचर वारंवार अडतो तेव्हा

तक्रार ठरलेली असते. लिनक्सवर स्टीम, हिरोइक किंवा लुट्रिस असा गेम उतरवून चालवणारा लाँचर टाकला, विंडोजचा गेम उतरवला, काही दिवस छान चालला. मग एका संध्याकाळी 'प्ले' दाबलं की बटणावर 'स्टॉप' येतं, दहा-पंधरा सेकंदांत पुन्हा 'प्ले' होतं आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. कधी लाँचर उघडतो, पण खिडकी नुसती काळी. कधी एपिक किंवा युबिसॉफ्ट दर वेळी नव्यानं लॉगिन मागतं. एकदा दुरुस्त केलं तरी महिन्याभरात तेच पुन्हा.

अशा वेळी बहुतेक जण गेम उडवतात आणि परत उतरवायला लावतात. साठ-सत्तर जीबीचा गेम आणि रोजच्या दीड-दोन जीबीचा मोबाइल पॅक, हे गणित होस्टेलवर किंवा वाडी-तांड्यावर राहणाऱ्याला सांगायला नको. महिनाभर वाट बघूनही अडचण तिथंच राहते, कारण बिघाड गेमच्या फायलींमध्ये क्वचितच असतो. तो असतो खालच्या थरात: ग्राफिक्स ड्रायव्हर, डिस्कचा फॉरमॅट, प्रीफिक्स (म्हणजे काय ते पुढं येतंच), घड्याळ, नाहीतर लाँचरनं परस्पर करून घेतलेला अपडेट. बोअरची मोटर उचलत नाही म्हणून कोणी आधी मोटर वर ओढत नाही. तिन्ही फेज आहेत का बघतात, मग स्टार्टर, मग केबल. इथंही खालून वर जायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गेम चालला, तर नेमकं कशानं चालला हे कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात तीच शोधाशोध परत करावी लागते.

आज्ञा आणि फाइलींची नावं खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे. टर्मिनलच्या आज्ञा स्मॉल अक्षरांत. अंडरस्कोर आणि बरोबरचं चिन्ह असलेल्या स्टीमच्या सेटिंग सगळ्या कॅपिटलमध्ये, टक्क्यांच्या चिन्हांमधला 'कमांड' मात्र स्मॉलमध्ये.

'प्ले' दाबल्यावर काय होतं

एवढं माहीत असलं की पुढचं सगळं सोपं जातं. लाँचर प्रोटॉनला किंवा वाइनला हाक मारतो. वाइन म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा थर. प्रोटॉन म्हणजे स्टीमच्या व्हॉल्व्ह कंपनीनं २०१८ साली आणलेला वाइनचाच वाढवलेला अवतार. तो गेमसाठी एक खोटा सी ड्राइव्ह उभा करतो, त्यालाच प्रीफिक्स म्हणायचं. गेम डायरेक्टएक्सची, म्हणजे विंडोजच्या ग्राफिक्सची, भाषा बोलतो. डायरेक्टएक्स ९ ते ११ चं व्हल्कनमध्ये, म्हणजे लिनक्सवर चालणाऱ्या ग्राफिक्सच्या भाषेत, रूपांतर डीएक्सव्हीके करतं, १२ चं व्हीकेडी३डी-प्रोटॉन करतं. शेवटी व्हल्कन ड्रायव्हर चित्र काढतो. एपिक, ईए, बॅटलनेट यांचे लाँचर स्वतःच विंडोजचे प्रोग्रॅम आहेत आणि त्यांच्या पोटात अख्खा क्रोमियम ब्राउझर बसलेला असतो. म्हणून गेम एकदम ठीक असतानाही लाँचर अडू शकतो.

पहिली तपासणी: व्हल्कन जिवंत आहे का

टर्मिनलमध्ये 'व्हल्कनइन्फो --समरी' चालवा. उबुंटू-मिंटवर ही आज्ञा व्हल्कन-टूल्स या पॅकेजात मिळते. उत्तरात तुमच्या कार्डाचं नाव आणि एपीआय व्हर्जन दिसायला हवं. नुसतं 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं तर समजायचं, ड्रायव्हर गेलेला आहे आणि चित्र प्रोसेसर काढतोय. मग लाँचर बदलून, प्रोटॉन बदलून काही उपयोग नाही.

एनव्हीडियाचं कार्ड कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) अपडेटनंतर गायब होण्याचं नेहमीचं कारण सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेला कोड चालू न देणारी बायोसमधली सोय. नवीन कर्नलसाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल तयार होतं, पण त्यावर सही नसते किंवा सहीची चावी नोंदवलेली नसते. ड्रायव्हर टाकताना मशीन रीस्टार्ट झाल्यावर निळ्या पडद्यावर 'एनरोल एमओके' विचारतात. घाईत 'कंटिन्यू बूट' दाबलं की चावी नोंदवायची राहते. 'एनव्हीडिया-एसएमआय' चालवून ड्रायव्हरशी संपर्क होत नाही असं उत्तर आलं तर बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. ड्रायव्हर पुन्हा टाकून या वेळी चावी नोंदवा, नाहीतर बायोसमधून सिक्युअर बूट बंद करा.

जीटीएक्स १०५० किंवा १०६० असलेला लॅपटॉप असेल आणि डिस्ट्रो (तुमचा लिनक्सचा प्रकार) सतत नवं उचलणारी असेल, तर आणखी एक. एनव्हीडियाची ५८० ही मॅक्सवेल आणि पास्कल या जुन्या पिढ्यांच्या कार्डांना आधार देणारी शेवटची ड्रायव्हर शाखा आहे. अपडेटमध्ये त्यापुढची शाखा आली की कार्ड ओळखलंच जात नाही. ५८० वरच थांबा.

फ्लॅटपॅकमधून, म्हणजे प्रोग्रॅमला सिस्टीमपासून वेगळ्या डब्यात ठेवणाऱ्या पॅकेज पद्धतीनं, स्टीम, हिरोइक किंवा बॉटल्स टाकलं असेल तर इकडे खास लक्ष द्या, कारण 'काल चालत होतं' यातल्या बऱ्याच तक्रारी इथंच सुटतात. फ्लॅटपॅकच्या आत एनव्हीडियाच्या ड्रायव्हरची वेगळी प्रत असते आणि तिचा क्रमांक बाहेरच्या ड्रायव्हरशी तंतोतंत जुळावा लागतो. सिस्टीमनं बाहेरचा ड्रायव्हर बदलला आणि आतला जुनाच राहिला की गेम काळ्या पडद्यावर मरतो. 'फ्लॅटपॅक अपडेट' एकदा चालवा, मशीन रीस्टार्ट करा. अपडेटची सवयच अशी ठेवा की सिस्टीम आणि फ्लॅटपॅक एकाच बैठकीत होतील.

जुना रिफर्बिश्ड लॅपटॉप

संभाजीनगर, नांदेड, लातूर, कुठल्याही होस्टेलमध्ये चौथ्या पिढीच्या आय-५ चे रिफर्बिश्ड लॅपटॉप भरपूर दिसतात. यांचा प्रश्न वेगळा आहे. डीएक्सव्हीके २.० पासून व्हल्कन १.३ लागतं, आणि प्रोटॉन ८ पासून पुढच्या सगळ्या आवृत्त्या त्यावरच उभ्या आहेत. चौथ्या पिढीच्या इंटेलमध्ये, म्हणजे हॅसवेलमध्ये, ते नाही. टर्मिनलमध्ये 'हॅसवेल व्हल्कन सपोर्ट इज इन्कम्प्लीट' अशी सूचनाही येते. जीटीएक्स ६५०, ६६० आणि ७०० मालिकेतली बरीचशी केप्लर कार्डं ४७० च्या ड्रायव्हरवर व्हल्कन १.२ ला थांबतात. जीटीएक्स ७५० मात्र मॅक्सवेल आहे, तिला ही अडचण नाही.

अशा मशीनवर स्टीममध्ये गेमच्या 'प्रॉपर्टीज'मधून 'कम्पॅटिबिलिटी'त जाऊन प्रोटॉन ७.० सक्तीनं निवडा. लुट्रिस किंवा बॉटल्समध्ये डीएक्सव्हीकेची आवृत्ती १.१०.३ करा, जुन्या मालिकेतली ती शेवटची. तरीही नाही चाललं तर स्टीमच्या लाँच ऑप्शनमध्ये 'प्रोटॉन_यूज_वाइनडी३डी=१ %कमांड%' लिहा, म्हणजे व्हल्कन सोडून ओपनजीएल वापरलं जाईल. वेग कमी मिळेल, पण डायरेक्टएक्स ९ च्या काळातले गेम नीट खेळता येतात. डायरेक्टएक्स १२ चा गेम या मशीनवर चालवण्याचा नाद सोडलेला बरा. पैसे घालायचेच असतील तर आठव्या पिढीचा जुना लॅपटॉप घ्या. सहाव्या पिढीपासून पुढं इंटेलवर व्हल्कन १.३ व्यवस्थित आहे.

स्टीमला ३२ बिटच्या लायब्ररी लागतात हेही इथंच तपासा. ६४ बिटचा गेम चालतो आणि जुना ३२ बिटचा उघडतच नाही, असा फरक दिसला तर मेसाच्या (इंटेल-एएमडीच्या खुल्या ड्रायव्हर संचातल्या) व्हल्कन ड्रायव्हरची आय३८६, म्हणजे ३२ बिटची, प्रत टाकायची राहिली आहे. उबुंटूच्या अॅप सेंटरमधून आलेलं स्टीम स्नॅप पद्धतीचं असतं आणि त्यात ड्रायव्हरचे घोळ जास्त होतात. ते काढून स्टीमच्या संकेतस्थळावरचं डेब पॅकेज टाका.

विंडोजचीच डी ड्राइव्ह वापरली असेल तर

ड्युअल बूटवाल्यांची, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स ठेवणाऱ्यांची, सर्वांत मोठी डोकेदुखी ही. गेम विंडोजमध्ये आधीच उतरवलेला आहे, डी ड्राइव्ह लिनक्समध्ये दिसते, मग स्टीमला तीच लायब्ररी दाखवू, असं वाटणं साहजिक आहे. स्टीम ती स्वीकारतंही. गेम 'इन्स्टॉल्ड' दिसतो, 'प्ले' दाबल्यावर मात्र काही होत नाही.

कारण बघायचं असेल तर चालणाऱ्या एखाद्या गेमचा प्रीफिक्स उघडा: स्टीमअॅप्स, त्यात कॉम्पॅटडेटा, त्यात गेमचा क्रमांक, त्यात पीएफएक्स. आत 'डॉसडिव्हायसेस' नावाचा फोल्डर आहे. त्यात 'सी:' आणि 'झेड:' अशा दोन लिंक असतात, नावातच कोलन असलेल्या. एनटीएफएसवर, म्हणजे विंडोजच्या डिस्क फॉरमॅटवर, विंडोजला असं नाव चालत नाही. लिनक्सनं ते तिथं लिहायचा प्रयत्न केला तर लिंक बनत नाही, आणि बनली तर विंडोजचं चेकडिस्क पुढच्या वेळी तिला खराब फाइल समजून उचलतं. 'विंडोजमध्ये जाऊन आलो आणि गेम बंद पडला' याचं मूळ इथं आहे.

उपाय असा: गेमच्या फायली डी ड्राइव्हवर राहू द्या, फक्त प्रीफिक्स लिनक्सच्या स्वतःच्या, एक्स्ट४ फॉरमॅटच्या, भागात आणा. स्टीम पूर्ण बंद करा. डी ड्राइव्हच्या लायब्ररीतल्या कॉम्पॅटडेटामध्ये काही सेव्ह असतील तर बाजूला काढा आणि तो फोल्डर उडवा. होममधल्या स्टीमच्या स्टीमअॅप्स फोल्डरात कॉम्पॅटडेटा असतोच. 'एलएन -एस' वापरून त्याची लिंक डी ड्राइव्हच्या स्टीमअॅप्समध्ये ठेवा. हिरोइकमध्ये एवढं करावं लागत नाही. गेमच्या सेटिंगमध्ये वाइन प्रीफिक्सचा मार्ग होममधला आहे ना, एवढं बघायचं.

ड्राइव्ह 'रीड-ओन्ली' जोडली जात असेल, किंवा कर्नलच्या नोंदींमध्ये 'व्हॉल्यूम इज डर्टी' दिसत असेल, तर बहुधा विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू आहे. ते असताना विंडोज बंद केलं तरी खरं बंद होत नाही, डिस्क अर्धवट अवस्थेत सोडून झोपतं. विंडोजमध्ये अॅडमिनच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' चालवा, चेकडिस्क एकदा पूर्ण होऊ द्या, मग लिनक्समध्ये या. लिनक्समधून जबरदस्तीनं जोडायचे पर्याय सापडतात, पण त्यात डेटा जाण्याची भीती आहे. डिस्क मोठी असेल तर शंभरेक जीबीचा एक्स्ट४ भाग गेमसाठी वेगळा काढणं हा कायमचा इलाज.

फ्लॅटपॅकच्या स्टीमला दुसरी ड्राइव्ह मुळात दिसतच नसेल तर फ्लॅटसील (फ्लॅटपॅकच्या परवानग्या ठरवणारं अॅप) उघडून त्या ड्राइव्हच्या मार्गाला परवानगी द्या. फोल्डरांची नावं इंग्रजीत आणि मध्ये जागा न सोडता ठेवा. जुने इन्स्टॉलर देवनागरी नावावर अडखळतात.

लाइट गेली आणि प्रीफिक्स बिघडला

डेस्कटॉपला यूपीएस नाही आणि लाइटचा भरवसा नाही, अशा घरांमध्ये ही अडचण पुन्हा पुन्हा येते. डाउनलोड चालू असताना लाइट गेली तर फारसं नुकसान नाही. स्टीम आणि हिरोइक दोन्ही तुकडे तपासून पुढं सुरू करतात. नुकसान होतं ते लाँचर स्वतःला अपडेट करत असताना, किंवा गेम पहिल्यांदा सुरू होताना प्रीफिक्स बांधला जात असताना.

वाइनची रजिस्ट्री तीन साध्या मजकूर फायलींमध्ये असते: सिस्टम.रेग, युझर.रेग आणि युझरडेफ.रेग. त्या पीएफएक्स फोल्डरातच सापडतात. चालू गेममध्ये त्या मेमरीत राहतात आणि अधूनमधून डिस्कवर लिहिल्या जातात. लिहिण्याच्या क्षणी वीज गेली की फाइल रिकामी राहू शकते. फाइल मॅनेजरमध्ये आकार बघा. सिस्टम.रेग काही एमबीची असते, युझर.रेग काही केबींची. एखादी शून्य बाइट दिसली तर पुढं शोधत बसू नका. प्रीफिक्स गेलेला आहे, नवा बनवा.

प्रीफिक्स उडवायला लोक घाबरतात. त्यात गेम नसतो. स्टीमवर गेम 'कॉमन' फोल्डरात असतो, हिरोइकवर तुम्ही दिलेल्या जागी. प्रीफिक्समध्ये असतात सेव्ह, लॉगिन आणि व्हिज्युअल सी++ सारखे सुटे भाग. अपवाद एकच: लुट्रिसमधून किंवा नॉन-स्टीम पद्धतीनं एपिक, बॅटलनेट टाकलं असेल आणि त्यांनी गेम सी ड्राइव्हमध्येच उतरवला असेल. तेव्हा आधी ड्राइव्ह_सी मधला गेमचा फोल्डर बाहेर हलवा.

सेव्ह शोधायच्या जागा या: ड्राइव्ह_सी, युझर्स, आणि मग युझरच्या नावाचा फोल्डर. त्याच्या आत डॉक्युमेंट्स, सेव्ह्ड गेम्स आणि अॅपडेटामधले लोकल, लोकललो, रोमिंग. प्रोटॉनमध्ये युझरचं नाव कायम 'स्टीमयुझर' असतं, साध्या वाइनमध्ये तुमचं लिनक्सचं नाव असतं. लुट्रिस किंवा हिरोइकमध्ये वाइनवरून प्रोटॉनवर गेल्यावर सगळी प्रगती शून्यावर आल्यासारखी दिसते ती यामुळं. सेव्ह कुठं गेलेल्या नसतात, शेजारच्या फोल्डरात असतात. उचलून स्टीमयुझरमध्ये ठेवा. क्लाउड सेव्ह चालू असलं तरी हाती एक प्रत ठेवाच.

सेव्ह काढल्या की कॉम्पॅटडेटामधला गेमच्या क्रमांकाचा अख्खा फोल्डर उडवा आणि गेम सुरू करा. प्रोटॉन नवा प्रीफिक्स बांधतं. पहिल्यांदा मिनिटभर काही दिसत नाही, तेवढं थांबा. गेमचा क्रमांक स्टोअरच्या पानाच्या पत्त्यात असतो, किंवा प्रोटॉनट्रिक्स (प्रीफिक्समध्ये सुटे भाग टाकणारं साधन) असेल तर 'प्रोटॉनट्रिक्स -एल' चालवून मिळतो.

नीट चालत असलेल्या प्रीफिक्सची एक प्रत करून ठेवली तर पुढच्या वेळी पाच मिनिटांचं काम होतं. प्रत 'सीपी -ए' नं एक्स्ट४ वरच करा. पेनड्राइव्हवर न्यायचं असेल तर आधी टार फाइल बनवा, कारण पेनड्राइव्हच्या फॉरमॅटमध्ये लिंक टिकत नाहीत. आणि लिंकच्या मागं जाणारं बॅकअपचं साधन वापरू नका: 'झेड:' ही लिंक तुमच्या अख्ख्या सिस्टीमकडे बोट दाखवते, ते साधन सगळी डिस्क उचलायला निघेल.

प्रोटॉनची आवृत्ती खाली आणल्यावर गेम बिघडतो त्यालाही हेच औषध. नव्या प्रोटॉननं बांधलेला प्रीफिक्स जुन्याला धड वाचता येत नाही. वर जाणं सहसा सुखरूप असतं, खाली येताना नवा प्रीफिक्स घ्या.

लॉगिन टिकत नाही: घड्याळ बघा

विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स त्याच आकड्याला यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ, समजतं. म्हणून विंडोजमधून लिनक्समध्ये आल्यावर घड्याळ साडेपाच तास पुढं दिसतं. नेट जोडलं की ते आपोआप दुरुस्त होतं, पण हॉटस्पॉट लावण्याआधीच लाँचर सुरू झाला तर लॉगिनचं टोकन मुदत संपलेलं वाटतं आणि पुन्हा पासवर्ड मागितला जातो. 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' हा झटपट उपाय. विंडोजच्या रजिस्ट्रीत 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' ची नोंद १ करणं अधिक नीट, पण तेव्हा लिनक्सची बाजू मुळासारखी ठेवायची. दोन्ही एकदम करू नका.

जुन्या डेस्कटॉपमध्ये लाइट गेल्यावर तारीख काही वर्षं मागं जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तारीख मागं असली की सर्टिफिकेट अवैध ठरतात आणि लाँचर 'नेटवर्क एरर' एवढंच सांगतो. मग माणूस नेटला दोष देत बसतो. सेल बदला, घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

लाँचरनिहाय खोडी

एपिकचा मूळ लाँचर शक्यतो टाकूच नका. हिरोइक एपिक, जीओजी आणि अॅमेझॉनचे गेम थेट चालवतं, एपिकचा लाँचर मध्ये येतच नाही, आणि निम्मे प्रश्न तिथंच मिटतात. काही कारणानं मूळ लाँचर लागलाच आणि खिडकी काळी आली, तर त्याच्या आर्ग्युमेंटमध्ये '-ओपनजीएल' घाला. प्रीरिक्विझिटवर अडकत असेल तर '-स्किपबिल्डपॅचप्रीरेक'. तरीही काळीच राहिली तर अॅपडेटा, लोकल, एपिकगेम्सलाँचर, सेव्ह्ड या मार्गावर 'वेबकॅश' नावानं सुरू होणारे फोल्डर उडवा.

स्टीममध्ये एपिक किंवा बॅटलनेट 'नॉन-स्टीम गेम' म्हणून जोडलं असेल तर ती नोंद काढून पुन्हा जोडू नका. नव्या नोंदीला नवा क्रमांक मिळू शकतो, म्हणजे नवा, रिकामा प्रीफिक्स. जुना डिस्कवर तसाच पडून असतो आणि तुम्हाला वाटतं सगळं गेलं. इन्स्टॉल झाल्यावर फक्त त्याच नोंदीतला 'टार्गेट' बदलून इन्स्टॉलरऐवजी लाँचरची ईएक्सई दाखवा.

बॅटलनेट 'अपडेटिंग'वर लटकलं तर प्रोग्रॅमडेटामधल्या ब्लिझार्ड एंटरटेनमेंटच्या आतला कॅश फोल्डर काढा, आणि लाँचरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर अॅक्सिलरेशन बंद करा. युबिसॉफ्ट कनेक्टमध्ये ओव्हरले बंद ठेवा. ईए अॅप सर्वांत हट्टी: स्वतःला अपडेट करताना अर्धवट राहतं आणि मग गेमच सुरू होऊ देत नाही. स्टीमवर घेतलेल्या ईएच्या गेमला सेव्ह काढून नवा प्रीफिक्स दिला की ते अॅप नव्यानं बसतं. त्यातलं एकेक सुटं दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका.

गेम बंद केल्यावरही स्टीम 'रनिंग' दाखवत राहिलं तर मागचा लाँचर ट्रेमध्ये जिवंत आहे. 'किलऑल वाइनसर्व्हर' चालवा. स्टीमचीच खिडकी लुकलुकत असेल तर सेटिंगमध्ये इंटरफेसखालचं वेब व्ह्यूसाठीचं जीपीयू अॅक्सिलरेशन बंद करा.

प्रोटॉनची मूळ आवृत्ती नाही चालली तर जीई-प्रोटॉन, म्हणजे व्हॉल्व्हबाहेर बनवलेली प्रोटॉनची सुधारित आवृत्ती, वापरून बघा. ते प्रोटॉनअप-क्यूटीमधून बसतं, हिरोइकमध्ये वाइन मॅनेजरमधून. पण चालत असलेल्या गेमला केवळ नवी आवृत्ती आली म्हणून हलवू नका.

लॉग

इतकं करून उलगडलं नाही तर अंदाज थांबवा. लाँच ऑप्शनमध्ये 'प्रोटॉन_लॉग=१ %कमांड%' लिहा, गेम चालवा; होम फोल्डरात 'स्टीम-क्रमांक.लॉग' तयार होते. हिरोइकमध्ये गेमच्या मेनूत लॉग मिळतो. 'फिक्समी' नं सुरू होणाऱ्या शेकडो ओळी सोडून द्या, त्या चालणाऱ्या गेममध्येही असतात. 'एरर'ला 'इम्पोर्ट_डीएलएल' जोडलेली ओळ शोधा. तिथं व्हीसीरनटाइम१४० सापडलं नाही असं असेल तर प्रोटॉनट्रिक्समधून व्हीसीरन२०२२ टाका. 'नो अॅडॅप्टर्स फाउंड' म्हणजे पुन्हा व्हल्कनच्या तपासणीकडे जा. 'डिव्हाइस_लॉस्ट' म्हणजे ग्राफिक्स कार्डच लटकलं: ड्रायव्हर, उष्णता किंवा वीजपुरवठा. काम झालं की ती सेटिंग काढा, लॉग फाइल झपाट्यानं फुगते.

मोठा गेम मध्येच, कुठलीही सूचना न देता बंद पडत असेल आणि डिस्ट्रो जुनी असेल, तर कर्नलची व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंट ही मर्यादा बघा. जुनी ठरलेली किंमत ६५५३० आहे, ती काही गेमना पुरत नाही, उबुंटूनं २४.०४ मध्ये ती १०४८५७६ केली. तेवढीच 'सिससीटीएल.डी' फोल्डरात एक फाइल करून लिहा.

एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडे पारा चाळिशीच्या वर असताना दुपारी गेम अर्ध्या तासानं अडखळायला लागतो आणि रात्री नीट चालतो, तर तो बिघाड लिनक्सचा नाही. मँगोहडमध्ये (खेळताना पडद्यावर आकडे दाखवणारं साधन) तापमान आणि क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, बघा; क्लॉक घसरत असेल तर 'डीएक्सव्हीके_फ्रेम_रेट=४०' लावून बोजा कमी करा आणि पंख्यातली धूळ काढा.

जे कुठल्याही सेटिंगनं चालणार नाही

व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड हे अँटी-चीट, म्हणजे खेळातली फसवणूक रोखणारा प्रोग्रॅम, विंडोजच्या कर्नलमध्ये बसतं, ते लिनक्सवर चालत नाही. फोर्टनाइट नाही. एपेक्स लेजंड्सनं ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्स बंद केलं. जीटीए ऑनलाइन सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय हे अँटी-चीट आल्यापासून बंद आहे; त्याचा स्टोरी मोड मात्र चालतो. ईएच्या अँटी-चीटवाले नवे फुटबॉल गेम नाहीत. यात प्रोटॉन कमी पडत नाही. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतात, पण ते चालू करणं गेम बनवणाऱ्याच्या हाती आहे. असा गेम विकत घ्यायच्या आधी प्रोटॉनडीबीवर बघा, कुठला गेम लिनक्सवर चालतो ते खेळणारे त्या संकेतस्थळावर नोंदवतात. 'बायपास'च्या चित्रफितींमागं लागू नका, त्यात खातं कायमचं बंद होतं. मित्रांसोबत ऑनलाइनच खेळायचं असेल तर काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ मुळातच लिनक्सवर आहेत.

डाउनलोड खरंच लागलंच तर

फायलीच खराब आहेत अशी शंका असेल तर आधी स्टीममध्ये 'व्हेरिफाय', हिरोइकमध्ये 'व्हेरिफाय अँड रिपेअर'. फक्त बिघडलेला भाग उतरतो. मित्राकडे तोच गेम असेल तर स्टीमच्या सेटिंगमध्ये डाउनलोड्सखाली स्थानिक नेटवर्कवरून फायली देण्या-घेण्याची सोय २०२३ पासून आहे. दोघं एकाच राउटरवर या. गेम एका मशीनवरून दुसऱ्यावर जातो, मोबाइल डेटा लॉगिनपुरताच लागतो. देणारा विंडोजवर असला तरी चालतं, मात्र घेणाऱ्यानं गेम प्रोटॉनवर ठेवलेला हवा. एपिकचा गेम हार्डडिस्कवरून आणायचा तर फोल्डर कॉपी करा आणि हिरोइकमध्ये 'इम्पोर्ट' निवडून तो दाखवा. जीओजीचा ऑफलाइन इन्स्टॉलर एकदा उतरवून ठेवता येतो; ईएक्सई आणि तिच्या सगळ्या बिन फायली एकाच फोल्डरात हव्यात. पेनड्राइव्ह एक्सफॅट करा, फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही.

स्टीमचं शेडर प्री-कॅशिंगही, म्हणजे गेमच्या ग्राफिक्सचे तयार तुकडे आधीच उतरवून ठेवणं, डेटा खातं. डाउनलोड्सच्या सेटिंगमध्ये ते बंद करता येतं. पहिल्या काही मिनिटांत गेम थोडा अडखळेल, नंतर सुरळीत होतो. तिथंच आपोआप अपडेटची वेळ ठरवता येते. पॅक रात्री बाराला नवा होतो, तर बारानंतरचा तास द्या, आणि त्या वेळी भारनियमन असेल तर पहाटेचा.